एका चुलीवरचं व्रत

धानोऱ्याला कोणी पाहुणा आला आणि त्याने पितांबर पाटलाचं घर विचारलं, तर गावकरी नुसतं बोट दाखवून थांबत नसत. बरोबर चालत जात, आणि चालता चालता सांगत, "बुवास्नी मीठ सोडेल शे. कितला वरीस व्हयनात, जिभले मिठाचा खडा लागेल नही." सांगणाऱ्याची मान ताठ व्हायची. गावातला एक माणूस जिभेशी झुंजून जिंकला, म्हणजे आख्खं गाव थोडं थोडं जिंकल्यासारखंच होतं.

पितांबर तेव्हा ओट्यावर पोथी घेऊन बसलेला असायचा. पाहुणा जवळ आला की तो डोळे पोथीत घालायचा, पण कान रस्त्यावर ठेवायचा. पुढे आयुष्यभर त्याला ज्या गोष्टींची लाज वाटली, त्यांत ही एक होती. पण ही लहान. मोठी निराळी.

पितांबर आणि दोधू एकाच साली शाळेत बसले. बसायला एक गोणपाट, लिहायला दोघांत मिळून एक पाटी. गुरुजी एकदा वाचून दाखवत, ते पितांबरला पाठ व्हायचं. दोधूला काही पाठ व्हायचं नाही. पण वर्गात बसल्या बसल्या तो नाक वर करून सांगायचा, की आज कोणाच्या घरी उडदाची डाळ आहे आणि कोणाच्या घरी फोडणी करपली. पितांबरला अक्षराचा नाद लागला, दोधूला चवीचा. पितांबर नंदुरबारला सहावीपर्यंत शिकून आला. दोधू एका आचाऱ्याच्या मागे सरपणाचा भारा उचलून निघून गेला आणि चार वर्षांनी परतला, तेव्हा पाचशे माणसांचं वरण तो एका हाताने करत होता.

दोधू काही साधू नव्हता. घरी बायको मंगलाबाई असताना शहाद्याकडे त्याचं दुसरं एक दार होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्ते कुटताना तो एकदा बैल हरला होता. जत्रा कुठलीही असो, ढोल वाजला की त्याचे पाय जमिनीवर ठरत नसत. आया आपल्या पोरांना दोघं मित्र दाखवत, एकासारखं व्हा, दुसऱ्यासारखं नको, असं बजावत. म्हणत, "ऱ्हाशी तर पितांबरना मायक ऱ्हाय. त्या दोधूना मायक नको व्हवू."

एकोणीसशे अठरा साली मानमोडीचा ताप आला. ज्वारीची कणसं शेतात उभी राहिली आणि कापणारी माणसं आडवी झाली. पितांबरचा मोठा भाऊ त्या तापात गेला. जाताना त्याने देवाचं नाव घेतलं नाही. त्याने लोणचं मागितलं. घसा बंद झाला होता, पाणीही उतरत नव्हतं, आणि तो खुणेने मागत होता. खुणा थांबल्या, तेव्हा श्वासही थांबला होता.

ते पाहून पितांबर आतून भ्याला. माणूस जाऊ लागला तरी जीभ जात नाही, हे त्याच्या मनात काट्यासारखं रुतलं. हातात पोथ्या होत्याच. त्या म्हणत होत्या, देह म्हणजे भाड्याचं घर, इंद्रियं म्हणजे चोर. त्याने ठरवलं की सगळ्यात मोठा चोर आधी बांधायचा. पुढच्या आषाढी एकादशीला तो तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाला गेला, तापीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला, "बारा वर्षं मीठ खाणार नाही."

काठावर त्याची बायको गजराबाई त्याचं कोरडं धोतर हातावर घेऊन उभी होती. लग्नाला चार वर्षं झाली होती. इतर यात्रेकरूंनी ऐकलं, तसंच तिनेही ते ऐकलं. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं त्या काठावर कोणाला वाटलंही नाही.

वर्षं गेली. पितांबरने शेतीची उस्तवार वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या सालदारावर आणि गजराबाईवर सोडली. तो वाचत गेला. काशीहून छापून आलेल्या पोथ्या टपालाने मागवायचा. चातुर्मासात मारुतीच्या पारावर त्याचं वाचन असायचं, आणि खरं सांगायचं तर तो फार सुंदर वाचायचा. त्याचा आवाज खोल विहिरीत पोहरा उतरावा तसा उतरायचा. आत्मा म्हणजे काय, माया म्हणजे काय, हे सांगताना तो रोजच्या कामातले दाखले द्यायचा. कापूस वेचून थकलेली माणसं जांभया विसरून ऐकायची.

एकदा वाचता वाचता तो म्हणाला, "बाईच्या जातीवर देवाची मोठी कृपा. नवऱ्याने तप करावं, आणि बायकोला बसल्या जागी त्यातला अर्धा वाटा मिळावा. तिला काही सोडावं लागत नाही, काही सोसावं लागत नाही."

बायकांच्या बाजूने हसू उठलं. कोणीतरी गजराबाईला कोपराने ढोसलं, "मजा शे बाई तुन्ही!" गजराबाईही हसली. तिने पदर दातात धरला आणि मांडीवर पडलेला कापसाचा तंतू उचलून दूर टाकला. पितांबरने ते पाहिलं होतं. बारा वर्षांत त्याने तिच्याकडे नीट पाहिल्याचे जे थोडे प्रसंग होते, त्यांतला हा एक.

उन्हाळ्यात गजराबाई शेतातून आली की कधी कधी दारातच बसायची. तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. दगडासारखे गोळे, ती दोन्ही हातांनी दाबायची आणि ओठ मिटून घ्यायची. पितांबर पोथीवरून मान वर करून म्हणायचा, "देह असाच. त्याच्याकडे लक्ष दिलं की जास्त बोलतो." ती मान हलवायची. गोळा उतरला की उठून चूल पेटवायची.

दोधू अधूनमधून यायचा. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचा, विडी ओढायचा.

"पितांबर, मरानंतर देव तुले इचारी, काय काय खादं रे तू? तवय काय सांगशी?"

"देव असं विचारत नाही."

"मंग काय इचारस?"

"मी कोण हे तुला कळलं का, असं विचारतो."

दोधू धूर सोडायचा. "इतला मोठा देव, आणि त्याले सोताना पत्ता बी दुसराले इचारना पडस?"

पितांबर हसायचा नाही, पण रागवायचाही नाही. दोधूची त्याला कीव यायची, आणि कीव करायला एक माणूस हाताशी असणं बरं वाटायचं.

एकोणीसशे एकतीसच्या आषाढात बारा वर्षं पुरी झाली, पण चातुर्मास सरेपर्यंत, कार्तिकापर्यंत, त्याने व्रत सोडलं नाही. गावाने ठरवलं की उद्यापन गावाने करायचं. भिला पाटील गावचा वडीलधारा. त्याने घरोघर फिरून गहू, तूर आणि तूप जमवलं. प्रकाशाहून एक शास्त्री येणार होते, शाल पांघरून पितांबरचा सन्मान करणार होते. आणि त्यांनी निरोप पाठवला होता, की पुढच्या चातुर्मासात पितांबर पाटलांनी प्रकाशाला, तापीकाठी, मोठ्या मंडपात वाचायला बसावं. पितांबरने आयुष्यात मनातून काही मागितलं असेल, तर ते हेच. निरोप आला त्या दिवशी तो जेवताना वाढलेलं तसंच ठेवून उठला होता.

स्वयंपाक अर्थातच दोधूचा. वरण, बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. चातुर्मास सरला होता, वांग्याला मुभा होती. गावाबाहेर आंब्याखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा लांबच लांब आर पडला आणि त्यात बट्ट्या भाजू लागल्या. वास एवढा सुटला की वाटेवरचे बैलही मान वळवत होते.

आचाऱ्याचा एक नेम असतो. नैवेद्य दाखवेपर्यंत पदार्थ चाखायचा नाही. पाचशे माणसांच्या वरणात मीठ घालायचं, ते नुसत्या डोळ्याने आणि हाताने. दोधूचा सगळा गर्व त्या मिठाच्या मुठीत होता. त्याचं मीठ चुकलं, असं अक्कलकुव्यापासून तापीपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं.

नैवेद्य झाला. पितांबर आणि गजराबाई शेजारी शेजारी पाटावर बसली. त्या बाजूची रीत अशी, की व्रत सुटताना मिठाचा पहिला घास बायकोने नवऱ्याला भरवायचा. गजराबाईने बट्टी कुस्करली, वरणात कालवली आणि लाजत पितांबरच्या तोंडाशी नेली. लोकांनी देवाच्या नावाचा गजर केला.

पितांबरच्या जिभेवर निखारा पडल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भक्तीने आलं. त्याने घाईने तांब्या उचलला.

दोधू वरणाचं भांडं घेऊन समोरच उभा होता. त्याला पितांबरचा तांब्या वर जाताना दिसला, ते समजण्यासारखं होतं. पण गजराबाईनेही नुकताच आपला पहिला घास घेतला होता, आणि तिचाही हात पाण्याकडे गेला होता. दोन्ही तांबे बरोबरच ओठाला लागले.

"वहिनी," दोधूने विचारलं, "मीठ कसं शे?"

गजराबाई संकोचली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, थोडं खारं व्हयनं का?"

शेजारच्या पंगतीत हशा पिकला. "दोधू, आज तुन्ही मूठ फसनी रे!" दोधूचा चेहरा उतरला. तो पंगतीतून फिरला, एकेकाला विचारत गेला. भिला पाटील म्हणाला, "मीठ सोनाना मायक शे." तापीबाई, म्हणजे पितांबरची म्हातारी आई, बोटं चाटत होती. तीही म्हणाली, "बराबर शे." दोधूने शेवटी पळीने स्वतः चाखलं. मीठ जागच्या जागी होतं.

त्याने पुन्हा त्या दोन तांब्यांकडे पाहिलं. मग भांडं खाली ठेवून पितांबरच्या मागे आला आणि म्हणाला, "बुवा, जरा इकडे येशी का?"

आराजवळ धग होती, म्हणून तिथे कोणी नव्हतं. दोधू हळू बोलला. दोधूला हळू बोलताना पितांबरने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"वहिनी मीठ खास का?"

"म्हणजे? व्रत माझं होतं. तिचं नव्हतं."

"तू पाहेल शे का? तिले मीठ खाताना?"

पितांबर आठवू लागला. घरात पुरुष आधी जेवायचे. तो जेवायचा, हात धुवायचा, पोथीवर बसायचा. मग आतल्या खोलीत गजराबाई त्याच्याच ताटात वाढून घ्यायची, कारण बायकोने नवऱ्याच्या ताटात जेवायचं हीच घराची रीत. त्या ताटात काय असायचं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. सोळा वर्षांच्या संसारात त्याने आपल्या बायकोला जेवताना आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

"घरात मीठ येतं की," तो म्हणाला. "आई खाते, सालदार खातो."

"त्या चटणीसंगे वरतून लेतस. तिन्हं इचारस मी तुले," दोधू म्हणाला. "उन्हाळामा तिना पायमा गोळा येतस, हाई मंगलीनी मले सांगेल व्हतं. आम्ही आचारी आरजवळ दिवसभर घाम गाळतस. मीठ नही चाटं तर आम्हले बी गोळा येतस. पितांबर, तुले आत्मा दिसस म्हणे. तुले चुलीपुढली बाई नही दिसनी?"

पितांबरने मान खाली घातली. आधी त्याला राग आला, आणि तो राग कशाचा होता हे कळल्यावर त्याला अधिक लाज वाटली. आपल्या बायकोच्या जिभेवर काय आहे, हे दुसऱ्या पुरुषाला एका घासात कळलं होतं. तेही ज्याची तो कीव करायचा त्या पुरुषाला.

"आते जाय," दोधू म्हणाला. "शास्त्री वाट पाही ऱ्हायनात. काय सांगाना ते सांग."

शास्त्रीबुवा उभे होते. शाल उलगडलेली होती. ते म्हणाले, "ज्या जिभेने ऋषींना हरवलं, ती या गृहस्थाने संसारात राहून जिंकली. एकट्याच्या बळावर जिंकली." माणसं माना डोलावत होती. शाल खांद्यावर पडली. मग ते म्हणाले, "पाटील, दोन शब्द बोला."

पितांबरने समोर पाहिलं. एवढंच सांगायचं होतं, की व्रत एकट्याचं नव्हतं, दुसऱ्या कोणावर ते न विचारता लादलं गेलं होतं. चार शब्दांचं काम. ज्या माणसाने तास तास मायेवर निरूपण केलं, त्याला चार शब्द जड नव्हते. पण प्रकाशाचा मंडप डोळ्यांपुढे उभा राहिला. बायकांत बसलेली गजराबाई त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर अभिमान होता. तो अभिमान पाहून त्याने खांद्यावरची शाल सारखी केली.

"देवाची कृपा," तो म्हणाला, आणि खाली बसला.

टाळ्यांच्या पलीकडे दोधू मोकळी भांडी गोळा करत होता. त्याने वर पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गजराबाई मागच्या अंगणात तुरीची डाळ निवडत होती. पितांबर तिच्यासमोर जमिनीवर बसला. ती दचकली, कारण तो तिथे कधी बसत नसे.

"तू बारा वर्षं अळणी खाल्लंस?"

तिने डाळीतला खडा काढला. "घरमा एक चूल. भाजीना दोन पातेला कसा ठेवू?"

"वरून घ्यायचं होतं. चटणी होती."

"पहिला वरीस लेयेल व्हतं. आत्याबाईस्नी पाही लिधं. म्हणन्यात, नवरा अळणी खास, आणि तू मीठ चाटस? त्यानं व्रत मोडी तर पाप कोणले?" ती सासूची नक्कल करताना किंचित हसली. "मंग मी सोडी दिधं."

"मला सांगायचंस."

गजराबाईने पहिल्यांदाच मान वर केली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही इचारं नही, मी सांगं नही."

पितांबरने कनवटीला बांधून आणलेले मिठाचे चार खडे तिच्यापुढे धरले. तिने एक घेतला, जिभेला लावला आणि तोंड वाकडं करून थुंकला. "नको," ती म्हणाली. "आते नही आवडत."

त्याने मीठ सोडलं होतं, ते परत घेण्यासाठी. कालपासून ते त्याचंच होतं. तिचं मात्र परत येणार नव्हतं, आणि ते तिने दिलंही नव्हतं.

आठवड्याभराने त्याने पारावर सगळ्यांना बोलावलं आणि जे झालं ते सांगितलं. उशिरा, पण सांगितलं. त्याला वाटलं होतं लोक थुंकतील, हसतील, पार सोडून जातील. पण भिला पाटील डोळे पुसत उठला आणि म्हणाला, "पाहा! कितला मोठा माणूस. सोतानी चूक गावपुढे सांगस." लोकांनी पितांबरच्या पायाला हात लावला. दुसऱ्या दिवशी चार बायका हळदीकुंकू घेऊन गजराबाईच्या पाया पडायला आल्या. तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "मी काय देवी शे का? मले भूक लागे आणि पुढे अळणी ऱ्हाये. घर जा आणि भाकरी करा."

त्या गावात लाज टाकायला जागा नव्हती. जिथे टाकावी, तिथून ती कीर्ती होऊन परत यायची. पितांबरने प्रकाशाला नकार कळवला. लोकांनी तेही मोठेपणात धरलं.

मग तो दोधूकडे गेला आणि म्हणाला, "मला स्वयंपाक शिकव."

दोधूने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कांदा चिरता येस?"

"नाही."

"मंग बठ. वेदान्त नंतर."

त्या दिवसापासून संध्याकाळची भाजी पितांबर करू लागला. गावाने चेष्टा केली, आईने कपाळ बडवलं, सालदार पाठ फिरवून हसला. दोधूने सांगितलं होतं, "खडा नको देवू. बारा वरीसनी जीभ शे. नखभर मीठ टाक, महिनाभर तितलंच. मंग आणखी नखभर." पितांबर ताटं शेजारी शेजारी मांडायचा आणि रोज विचारायचा, "मीठ कसं आहे?" गजराबाई रोज म्हणायची, "तुम्हले आवडी तसं." मत द्यायची सवय तिला मिठाहून अधिक मोडली होती.

असे महिने गेले, वर्षं गेली. तापीबाई गेली. दोधूची एक दाढ पडली, मग सगळ्याच. दुसरं महायुद्ध लागलं, घासलेट महागलं.

चाळीस-एक्केचाळीसच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पितांबर चुलीपुढे वांगी घोटत होता. एका हातात पळी होती आणि दुसऱ्या हातात, फार दिवसांनी टपालाने आलेली, नवी पोथी. ताटं मांडली. दोघं जेवायला बसली. पितांबर जेवता जेवता पोथीतल्याच कसल्या तरी विचारात होता. तीन घास झाले होते.

"आज भाजीमा मीठच नही," गजराबाई एकदम कडाडली. "ध्यान कोठे व्हतं तुमनं?"

पितांबरने तिच्याकडे पाहिलं. आज त्याने मीठ कसं आहे हे विचारलंही नव्हतं. मग आपल्या ताटाकडे पाहिलं. अर्धी भाजी त्याने संपवली होती, आणि त्याच्या जिभेला काहीच कळलं नव्हतं.

तो उष्ट्या हाताने उठला आणि फळीवर मिठाची बरणी चाचपडू लागला. ती कुठे असते हे त्याला माहीत होतं. पण कान तापले होते, डोळ्यांसमोर धूसर झालं होतं, आणि हात भलतीकडेच जात होता.

"तथं नही," गजराबाई मागून म्हणाली. "खाले पाहा."